आधी तोट्याचा हिशेब, मग सेन्सर

पुणे परिसरातील भोसरी आणि चाकण येथे वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लघुउद्योजकांपुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो. यंत्रांना सेन्सर बसवून उत्पादनाची नोंद संगणकावर घ्यावी, की तोच पैसा आणखी एका सीएनसी यंत्रात घालावा?

जर्मनीतील हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनात २०११ मध्ये 'इंडस्ट्री ४.०' ही संकल्पना मांडली गेली. तेव्हापासून डिजिटल कारखान्याचा आग्रह वाढला. मात्र, बड्या कंपन्यांचेही अंदाज चुकले. आदिदासने जर्मनी व अमेरिकेत उभारलेले स्वयंचलित बूटनिर्मितीचे कारखाने बंद करण्याचा निर्णय २०१९ मध्ये जाहीर केला. टेस्लातील अतिरेकी स्वयंचलितीकरण ही चूक होती, अशी कबुली इलॉन मस्क यांनी २०१८ मध्ये दिली. या कंपन्यांना चूक पचली. वीस कामगारांच्या कारखान्याला ती पचणार नाही.

म्हणूनच निर्णयाची सुरुवात तोट्यापासून व्हावी. समजा, एखादे यंत्र उपलब्ध वेळेच्या ९० टक्के चालते, ठरलेल्या गतीच्या ९० टक्के गती गाठते आणि त्यावरील ९० टक्के माल निर्दोष निघतो. आकडे समाधानकारक वाटतात. पण तिन्हींचा गुणाकार केला, की यंत्राची प्रत्यक्ष परिणामकारकता ७३ टक्क्यांवर येते. उरलेले २७ टक्के कुठे जातात, हे महिनाभर वहीत नोंदी ठेवल्या तरी बऱ्याच अंशी उमगते. वेळ जॉब बदलताना सेटिंगमध्ये जात असेल, तर चांगले फिक्स्चर आणि प्रशिक्षण हवे. बेअरिंग खराब होऊन यंत्र अवचित बंद पडत असेल, तर कंपन मोजणारा सेन्सर पैसे वसूल करून देऊ शकतो. या नोंदींवरून कामगाराचा पगार कापला जाऊ लागला, तर मात्र खरे आकडे हाती येणार नाहीत.

दुसरा प्रश्न बचत कोणाच्या पदरात पडणार, हा आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांची देयके जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करण्याचे बंधन २००६ च्या कायद्यात आहे. तरीही थकबाकीची तक्रार संपलेली नाही. वाचलेला पैसा ग्राहक कंपनीने दरकपातीत काढून घेतला, तर उद्योजकाकडे केवळ कर्जाचा हप्ता उरतो.

त्यामुळे सर्वाधिक खोळंबा करणाऱ्या एकाच यंत्रावर आधी प्रयोग करावा आणि पुढील गुंतवणुकीपूर्वी मागणीची लेखी हमी मागावी. तंत्रज्ञान थोडे उशिरा आले तरी चालेल. हिशेबाआधी आले, तर ते महागात पडेल.