'पेट्रोल संपले तर...' हा निबंध आता बदलूया



'पेट्रोल संपले तर...' हा कल्पनात्मक निबंध आपल्यापैकी अनेकांनी शाळेत लिहिला आणि आता वह्या तपासताना तोच पुन्हा वाचतो. साचा ठरलेला असतो. गाड्या थांबतील, हवा शुद्ध होईल, बैलगाड्या परत येतील आणि शेवटी 'थेंब थेंब इंधन वाचवूया'. मुलाला गुण मिळतात आणि विषय संपतो. माझे स्पष्ट मत आहे की हा निबंध मुलांना चुकीची गोष्ट शिकवतो. तेल असे एका सकाळी संपत नसते.

मग काय होते? आपल्या जवळचेच उदाहरण घ्या. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर अरबी समुद्रात 'मुंबई हाय' हे तेलक्षेत्र आहे. 1973 च्या तेलसंकटात जगात तेलाचे भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाले होते. त्याच सुमारास, फेब्रुवारी 1974 मध्ये, 'सागर सम्राट' या जहाजाने खोदलेल्या विहिरीत तेल लागले. 1976 पासून उत्पादन सुरू झाले आणि 1980 च्या दशकाच्या अखेरीस ते शिखरावर पोहोचले. त्यानंतर घसरण लागली. आज तिथले उत्पादन त्या शिखराच्या निम्म्याहूनही बरेच कमी आहे. ते वाढवण्यासाठी ओएनजीसीने 2025 मध्ये बीपी या परदेशी कंपनीची तांत्रिक मदत घेतली. म्हणजे बघा, तेल अजून आहे, पण ते काढणे दिवसेंदिवस अवघड आणि खर्चिक होत चालले आहे.

हे मुलांना समजवायला बोअरवेलसारखे उदाहरण नाही. आधी दोनशे फुटांवर पाणी लागायचे, मग चारशेवर, मग सहाशेवर. पाणी 'संपले' असे कुणी म्हणत नाही, पण मोटार मोठी लागते, वीज जास्त लागते आणि ज्याला परवडत नाही त्याचे शेत आधी कोरडे पडते. फरक एवढाच, की बोअरला पाऊस थोडेतरी पाणी परत देतो. तेल तयार व्हायला कोट्यवधी वर्षे लागतात.

'अमुक वर्षांत तेल संपणार' असे आकडे पाठ करून घेणेही आता थांबवूया. अमेरिकेत हबर्ट नावाच्या भूवैज्ञानिकाने 1956 मध्ये सांगितले होते, की तिथले तेल उत्पादन 1970 च्या आसपास शिखर गाठून उतरू लागेल. तसे झालेही. पण पुढे शेल खडकातून तेल काढायचे तंत्र आले आणि 2018 मध्ये अमेरिकेने ते जुने शिखरही ओलांडले. त्यामुळे तारीख सांगून मुलांना घाबरवले आणि ती तारीख तशीच उलटून गेली, तर मुले मूळ प्रश्नही खोटाच समजतील.

मूळ प्रश्न खरा आहे. भारत वापरतो त्या कच्च्या तेलातले 85 टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. नैसर्गिक वायू जवळपास निम्मा बाहेरून येतो आणि स्वयंपाकाच्या गॅसचाही निम्म्याहून जास्त भाग आयातच होतो. तिकडे आखातात युद्ध पेटले, की इकडे आपल्या ओट्यापर्यंत झळ येते.

ही झळ सगळ्यांना सारखी बसत नाही, आणि खरा धडा इथेच आहे. पैसेवाला माणूस इंडक्शन घेईल, इलेक्ट्रिक स्कूटर घेईल, छतावर सौर पॅनेल बसवेल. पण ज्या घरात सिलिंडर भरायलाच पैसे नाहीत, तिथली आई पुन्हा चुलीकडे वळेल आणि सरपण आणायला बहुधा मुलगीच जाईल. डिझेल महागले, की तोट्यातली एसटीची फेरी आधी बंद होण्याची भीती असते. मुलींना शाळेसाठी मोफत पास आहे, पण गावात गाडीच आली नाही तर तो पास दाखवायचा कुणाला?

शेतीचेही तसेच. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो, हे किती मुलांना माहीत असते? मुंबई हायचा वायू उरणला येतो, आणि त्याच वायूच्या भरवशावर अलिबागजवळ थळचा खत कारखाना उभा राहिला. वायू महागला, की एकतर सरकारचे अनुदान वाढते, नाहीतर शेतकऱ्याचा खर्च.

काही शिक्षक म्हणतील, हे विज्ञानाच्या किंवा भूगोलाच्या सरांचे काम, मराठीच्या तासाला कशाला? मला तसे वाटत नाही. निबंध म्हणजे विचार करायला शिकणे. 'बैलगाड्या परत येतील' असे लिहिणाऱ्या मुलाने आज गावात बैलजोड्या किती उरल्यात हे तरी मोजले पाहिजे, नाही का?

म्हणून माझी विनंती आहे, की विषय थोडा बदलून द्या. 'डिझेल दुप्पट महाग झाले, तर आमच्या गावात आधी काय बदलेल?' किंवा 'आमच्या घरातला सिलिंडर'. लिहिण्याआधी मुलांना चार दिवस माहिती जमवू द्या. गावात एसटीच्या फेऱ्या किती आणि पाच वर्षांपूर्वी किती होत्या? भाजी कुठून आणि कोणत्या गाडीतून येते? आजीच्या लहानपणी स्वयंपाक कशावर व्हायचा?

पालकांनीही हातभार लावावा. नवा सिलिंडर लावल्याची तारीख अनेक घरांत कॅलेंडरवर लिहिलेली असतेच. ते काम मुलाकडे द्या. 14.2 किलोचा गॅस किती दिवस पुरला, माणशी रोज किती ग्रॅम लागला, हे त्यालाच काढू द्या. कुकरमध्ये डाळ-भात एकत्र लावला तर दोन दिवस वाढतात का, तेही पाहू द्या. मात्र वीज वापरली म्हणजे प्रश्न सुटला असेही सांगू नका. आपली बरीचशी वीज अजून कोळशावरच होते, आणि कोळसाही जमिनीतूनच येतो.

असे निबंध तपासायला वेळ जास्त लागेल, कारण प्रत्येक वहीत वेगळे उत्तर असेल. पण आज आपल्या वर्गात बसलेली मुले पुढची पन्नास वर्षे याच प्रश्नाबरोबर जगणार आहेत. या सत्रात एक तरी निबंध असा लिहून घ्या आणि चांगल्या वह्या पालकसभेत वाचून दाखवा.