घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे

पीक घरांत आलें कीं घरास एखादी खोली जोडावी असें आम्हां शेतकऱ्यांस वाटतें, व तें योग्यच आहे. परंतु खोली आठ नंबरच्या उताऱ्यास लागली, घरपट्टीची पावती हातीं आली, म्हणजे बांधकाम मंजूर झालें, हा समज सर्वस्वी चुकीचा होय. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८, कलम ५२ ची परवानगी पाया खणण्यापूर्वींची. पट्टी मागाहूनची, आणि ती विनापरवाना घरासही बसते. भाऊबंदाच्या तक्रारीवरून भिंत पाडण्याची नोटीस आलेले गृहस्थ मीं कचेरींत पाहिले आहेत. प्रत्येकाच्या हातांत पावत्यांची चळत! २०२० च्या नियमावलीनें लहान भूखंडांस सवलत दिली, तरी मालकीचे कागद व नकाशा अगोदर दाखल करणें सुटलेलें नाहीं. मग ‘ही बांधकामाची परवानगी नव्हे’ एवढी ओळ पावतीवर छापण्यास ग्रामपंचायतींस कोणती अडचण आहे?