सुनावणी डॉक्टरांची, हेलपाटे बाईचे

मा. संपादक,


तपासणीच्या वेळी डॉक्टरने केलेल्या गैरवर्तनाच्या तक्रारी पोलिसांऐवजी वैद्यक परिषदेकडेच जाव्यात, हे आपल्या लेखकाचे म्हणणे मुळातच चूक आहे. परिषद फार तर नोंदवहीतून नाव काढील. विनयभंग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ खाली दखलपात्र गुन्हा आहे. एक दार ठोठावले म्हणून दुसरे बंद होत नाही.

‘परिषदेत डॉक्टरच भरडला जातो’ ही तर उलटी गंगा! डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाच्या २००२ च्या नियमांत निकालाला सहा महिन्यांची मुदत आहे. २०१९ च्या आयुर्विज्ञान आयोग कायद्याचे कलम ३० अपिलाचा हक्क डॉक्टरला देते, रुग्णाचे नावही घेत नाही. शिवाय महाराष्ट्र वैद्यक परिषद बसते मुंबईत. मंगरूळपीरच्या बाईने मजुरी बुडवून तिथवर जायचे कसे, तेवढे लेखकाने सांगावे.

राहिली खोट्या तक्रारींची भीती. पुरुष डॉक्टर तपासताना दुसरी स्त्री हजर असण्याचा हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत आहे. त्यात डॉक्टरचेही संरक्षण आहे. प्रत्यक्षात सिस्टर बाहेर केसपेपर फाडत असते आणि पडद्याआड दोघेच. तिला आधी आत बोलवा, मग बोला.

– एक निवृत्त परिचारिका, मंगरूळपीर