पडसादाची साठवण

आमचा धाकटा पुतण्या मुंबईस चित्रपटांना व जाहिरातींना आवाज पुरविण्याच्या धंद्यांत आहे. गेल्या वैशाखांत तो वाईच्या वाड्यांत आला, तो हातांत फुग्यांचें पुडकें घेऊन. वाडा बिल्डरच्या स्वाधीन करण्यास दीड महिना उरलेला. माळ्यावरचीं भांडीं उतरविण्यास एक धट्टाकट्टा माणूस मिळाला म्हणून आम्ही संतोषांत, तर हे चिरंजीव माजघरांत उभे राहून टाचणीनें फुगे फोडूं लागले! मग ओटीवर फोडले, जिन्यांत फोडले, आणि अखेरीस ध्वनिग्राहक दोरीनें आडांत सोडून कांठाशीं वांकून एक फोडला. “हें काय रे?” असें आम्हीं अंमळ चढ्या स्वरांतच विचारलें. तो म्हणाला, “काका, घराचा आवाज घेऊन ठेवतों आहें.”

रात्रीं जेवणें झाल्यावर त्यानें जें समजावून दिलें तें वाचकांच्या कानीं घालावें असें वाटलें, म्हणून या महिन्याचा मजकूर त्यास दिला आहे.

ध्वनि हा पाण्यावरील लाटांसारखा पसरतो, हा वीचीतरंगन्याय आमच्या नैयायिकांस ठाऊक होता. परंतु लाट कांठावर आपटून परतते, आणि त्या परतीच्या लाटेंत कांठाचें वर्णन असतें. भिंत दगडाची कीं मातीची, छत उंच कीं ठेंगणें, दारावर पडदा आहे कीं नाहीं, हें सर्व परतणारा ध्वनि सांगतो. घंटेचा टोल संपल्यावर जो नाद रेंगाळतो त्यास आमचे साहित्यशास्त्रज्ञ अनुरणन म्हणतात. प्रत्येक खोलीचें असेंच एक अनुरणन असतें. फुगा फुटतो तेव्हां खर्जापासून टिपेपर्यंतचे बहुतेक सारे स्वर एका क्षणांत बाहेर पडतात, आणि त्या सर्वांस खोली जें उत्तर देते तें टिपून घेतलें कीं खोलीचा स्वभाव हातीं आला. पुढचें काम संगणकाचें. कोरड्या जागीं घेतलेल्या आवाजाचे तो दर सेकंदास ४४,१०० तुकडे करतो, प्रत्येक तुकडा म्हणजे एक लहानमोठा फुगाच असें समजून त्यास त्या खोलीचें उत्तर जोडतो, आणि सर्व उत्तरांची बेरीज करतो. गणितांत या क्रियेस संवलन म्हणतात. बेरीज पुरी झाली कीं कपाटांत बसून गाइलेलें गाणें देवळांत गाइल्यासारखें ऐकूं येतें.

ही हौस नवी नव्हे. १९४७ सालीं शिकागो येथें बिल पुटनाम या ध्वनितज्ज्ञानें हार्मोनिकॅट्स नांवाच्या मंडळीच्या वादनास घुमारा आणण्यासाठीं चक्क स्नानगृहाचा उपयोग केला. १९५७ सालीं जर्मनीच्या ईएमटी कंपनीनें पोलादाचा पातळ पत्रा चौकटींत टांगून त्याच्या कंपनांतून तोच परिणाम साधला. त्या धुडाचें वजन सुमारें २७० किलो! पुढें १९९६ सालीं हँबुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीनें अशी सोय केली कीं ध्वनिमुद्रणाच्या मुख्य प्रोग्रॅमास दुसऱ्यांनीं केलेले लहान प्रोग्रॅम खुंटीस टोपी अडकवावी तसे अडकवितां यावे. यांसच प्लगइन म्हणतात. स्नानगृह आणि पोलादी पत्रा, दोन्हीं आतां पुतण्याच्या दप्तरांत मावतात.

आम्हांस मात्र प्रथम हा सारा लबाडीचा बाजार वाटला. जो देवळाची पायरी चढला नाहीं त्यानें गाभाऱ्यांत गाइल्याचा भास कां करावा? सूर सावरणाऱ्या ऑटोट्यून नामक प्लगइनविषयीं तर आमचें मत अजूनहि कडूच आहे. १९९७ सालीं तो बाहेर काढणारे अँडी हिल्डेब्रँड पूर्वीं भूगर्भांतील कंपनांवरून तेलाचा शोध घेण्याचें गणित करीत. विद्या मोठी खरी. पण मींडेचा उतार पायऱ्या कापून सरळ करणारें यंत्र आमच्या संगीताच्या काय कामाचें? असो.

फुग्याविषयींचें आमचें मत पालटलें तें इस्तंबूलच्या हागिया सोफियाची हकीकत ऐकून. ही प्रचंड वास्तु ५३७ सालीं ख्रिस्ती मंदिर म्हणून पुरी झाली, पुढें मशीद झाली व १९३५ पासून संग्रहालय. संग्रहालयांत गाण्यास मनाई. म्हणजे ज्या घुमटासाठीं जुनीं स्तोत्रें रचलीं गेलीं त्या घुमटाखालीं तीं गातां येईनात. २०१० सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिसेरा पेंचेवा यांनीं तेथें फुगे फोडविले. तेथील नाद दहा सेकंदांहून अधिक वेळ रेंगाळतो. जोनाथन एबेल यांनीं त्यावरून गणित मांडलें, आणि कॅपेला रोमाना या गायकमंडळींनीं अमेरिकेंत राहूनच त्या घुमटाच्या पडसादांत तीं स्तोत्रें गाइलीं. ध्वनिमुद्रिका २०१९ सालीं निघाली. २०२० सालीं ती वास्तु पुन्हां मशीद झाली. पॅरिसच्या नोत्र-दाम मंदिराचाहि पडसाद ब्रायन कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१३ सालीं मोजून ठेवला होता. १५ एप्रिल २०१९ रोजीं तें पेटलें, तेव्हां छत गेलें तरी त्याचा जुना आवाज कागदोपत्रीं शाबूत होता.

आषाढांत आमचा वाडा पडला. श्रावणांत पुतण्या पुण्यास आमच्या बिऱ्हाडीं आला, आणि लुगड्यांच्या कपाटांत ध्वनिग्राहक ठेवून त्यानें आम्हांस रामरक्षा म्हणावयास लाविली. मग दोन कळा दाबून ती ऐकविली. आमच्या वहिनी (म्हणजे त्याच्या मातोश्री, वय ऐंशीच्या घरांत) स्वयंपाकघरांत गवार मोडीत होत्या. त्या तशाच बाहेर आल्या. “हा आपला आड बोलतो आहे,” त्या म्हणाल्या. पुतण्यास धन्यता वाटली. तों त्या पुढें म्हणाल्या, “पण हा वैशाखांतला आड. श्रावणांत पाणी वर चढतें, मग आवाज एवढा खोल जात नाहीं.”

पुतण्या चकित झाला. त्यानें आम्हांस समजाविलें कीं आई म्हणते तेंच खरें. पाणी चढलें कीं वरची हवा थोडी उरते आणि तिचा घुमारा खर्जांतून वर सरकतो. त्यानें तर एकाच दिवशीं एकच फुगा फोडला होता. वहिनी आतां बोलूंच लागल्या. सुगीनंतर माजघरांत पोतीं रचलीं कीं मारलेली हांक ओटीवर ऐकूं येत नसे. लग्नाच्या वेळीं खालचीं माणसें वाढलीं कीं जिना मुका होई. तो हें सर्व टिपून घेत होता.

शेवटीं त्यानें पडद्यावरची एक खुंटी पिळून पडसाद आंखूड केला, थोडा वर चढविला, व विचारलें, “असा?”

“नाहीं रे.”

त्यानें पुन्हां पिळली. वहिनींनीं मान हलविली. पानें वाढून झालीं, आम्हीं दोनदां हांका मारल्या, तरी तो ती खुंटी पिळीतच बसला होता.