‘एरिया चांगला आहे का?’

अमेरिकेतल्या मराठी माणसाला घर घेतल्याचं सांगून बघा. किती खोल्या, अंगण आहे का, छप्पर कधीचं, यातलं काही विचारायच्या आधी तो विचारतो, ‘एरिया कसा आहे?’ हा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. त्याच्या पोटात आणखी तीन प्रश्न आहेत: शाळांना दहापैकी किती गुण आहेत, आसपास आपले लोक किती आहेत, आणि तोंडावर कधीच न येणारा तिसरा, काळे किती आहेत.

मी सेंट लुईसमध्ये पोस्टडॉक आहे आणि दोन वर्षांपासून मिसिसिपीच्या काठावरच्या ऑल्टन नावाच्या गावात राहते. नदीच्या पलीकडे, म्हणजे इलिनॉय राज्यात. प्रयोगशाळेपासून गाडीने पाऊण तास. इथे आम्ही घर घेतलं हे कळल्यावर मंडळातल्या निम्म्या लोकांनी ‘अरे वा’ म्हटलं ते ‘अरेरे’च्या सुरात. एका काकांनी तर नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, ‘पैशाची काही अडचण आहे का?’

अडचण होती की! पोस्टडॉकला पगार किती असतो हे या देशात गुपित नाही. एनआयएचने २०२४ साली नव्या पोस्टडॉकसाठी ठरवलेला आकडा ६१,००८ डॉलर आहे, म्हणजे कर कापायच्या आधी महिन्याला पाच हजारांच्या आसपास. आता ज्या पश्चिमेकडच्या उपनगरांत ‘आपले लोक’ राहतात तिथलं साडेचार लाखांचं घर धरा. वीस टक्के भरायचे म्हणजे नव्वद हजार रोख, आणि उरलेल्या कर्जावर सात टक्क्यांनी तीस वर्षांचा हप्ता जवळजवळ २,४०० डॉलर. त्यावर मालमत्ता कर आणि विमा वेगळा. आमचं घर एक लाख पंधरा हजारांचं. तेवीस हजार भरले, हप्ता सहाशे बारा. कर आणि विमा धरून हजाराच्या आत. आधीच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटला आम्ही चौदाशे भाडं देत होतो. हे गणित आठवीच्या मुलालाही समजेल. पण ते मांडलं की समोरचा म्हणतो, ‘हो, पण रीसेल व्हॅल्यू?’

रीसेल व्हॅल्यू नाहीच. १९६० साली ऑल्टनची वस्ती त्रेचाळीस हजारांच्या वर होती, २०२०च्या जनगणनेत ती पंचवीस हजारांवर आली. काचेच्या बाटल्यांचा मोठा कारखाना गेला. १९९१ साली नदीवर तरंगता कॅसिनो आला, इलिनॉयमधला पहिला. अशा गावात घराची किंमत दर पाच वर्षांनी दुप्पट होत नाही. त्यावर माझं म्हणणं एवढंच, की का व्हावी? आपण घराकडे सोन्यासारखं बघतो; घेतलं, कुलपात ठेवलं, भाव बघत बसलो. मला राहायला घर हवं होतं. भाव दुप्पट होणाऱ्या गावात पुढच्या पोस्टडॉकला भाड्यानेसुद्धा राहता येत नाही, हे बे एरियात राहणाऱ्यांनी मला सांगू नये, मी त्यांना सांगायला हवं.

‘पोस्टडॉकने घर घेऊच नये, व्हिसाचं काय?’ हा आक्षेप जास्त गंभीर आहे. जे-वनवर असाल आणि दोन वर्षं मायदेशी राहून येण्याची अट डोक्यावर असेल, तर खरंच घेऊ नका. पण एच-वन-बीवरच्या माणसाला नोकरी गेल्यावर मिळतात जास्तीत जास्त साठ दिवस. त्या साठ दिवसांत चोवीसशेचा हप्ता मानगुटीवर असलेला बरा, की सहाशेचा? व्हिसाच्या भीतीने घरच घ्यायचं नाही, आणि घ्यायचं तर ऐपतीच्या पार टोकाला जाऊन घ्यायचं, असे दोनच पर्याय आपल्याकडे सांगितले जातात. स्वस्त घर हा तिसरा पर्याय कुणाला सुचत नाही. वाट मात्र अरुंद होत चालली आहे. कमी डाउन पेमेंटवर मिळणारं, एफएचएच्या हमीचं कर्ज मे २०२५पासून आपल्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावाल्यांना बंद झालं. साधं कर्ज कायद्याने मिळू शकतं, पण ते प्रत्येक बँकेला माहीत असतंच असं नाही. एका बँकेतल्या बाईंनी माझ्या व्हिसाची तारीख बघून फाइल तिथेच मिटली. दुसऱ्या बँकेने तेच कागद बघून तीन आठवड्यांत कर्ज दिलं. पहिल्या नकारावर घरी बसू नका.

आता त्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते. सेंट लुईसमध्ये लाबाडी अव्हेन्यूवर एक घर आहे. तिथल्या घरमालकांनी १९११ साली आपसांत करार केला होता, की ‘निग्रो किंवा मंगोलियन वंशाच्या’ माणसांना तिथे राहू द्यायचं नाही. शेली नावाच्या काळ्या कुटुंबाने ते घर घेतलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि असले करार कोर्टांना अमलात आणता येणार नाहीत असा निकाल १९४८ साली लागला. त्याच्या पंचवीस वर्षं आधी, १९२३ साली, त्याच न्यायालयाने भगतसिंग थिंद यांना सांगितलं होतं, की हिंदी माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. म्हणजे ‘चांगला एरिया’ ही कल्पना ज्यांना बाहेर ठेवण्यासाठी जन्माला आली त्यांच्या यादीतून आपण फार लांब नव्हतो. आज त्याच यादीची पुढची आवृत्ती आपण वॉट्सॅपवर एकमेकांना पाठवतो, फक्त ‘स्कूल रेटिंग’ नावाने.

ऑल्टनच्या शाळांचे गुण कमी आहेत, हे लपवत नाही. माझी मुलगी पुढच्या वर्षी तिथे जाणार आहे, त्यामुळे हा आकडा माझ्यासाठी नुसता आकडा नाही. पण स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांचं काम जरूर बघा. परीक्षेतले सरासरी गुण मुख्यतः पालकांच्या सांपत्तिक स्थितीबरोबर चालतात. शाळेत आल्यावर मुलं दरवर्षी किती पुढे जातात हे त्यावरून फारसं कळत नाही. म्हणजे दहापैकी नऊ गुणांची शाळा घेताना आपण बऱ्याच अंशी श्रीमंत शेजारी विकत घेत असतो. आणि गंमत बघा, हे मला समजावणारे निम्मे लोक जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत शिकून इथवर आलेले! गळक्या छपराखाली पाढे पाठ केल्याच्या गोष्टी गणपतीच्या जेवणात सांगायच्या, आणि घर घेताना दहापैकी आठच्या खाली बघायचं नाही.

नदीबद्दल मात्र लोक जे घाबरवतात त्यातलं बरंच खरं आहे, पण उलट्या बाजूने. ‘पूर येणाऱ्या गावात कुणी घर घेतं का’ असं मला पुण्याहून विचारलं गेलं, आणि विचारणाऱ्याचा फ्लॅट सिंहगड रस्त्यावर आहे. २०२४च्या जुलैत तिथल्या एकतानगरीत खडकवासल्याचं पाणी शिरलं होतं. मी सांगलीची. आमच्याकडे आयर्विन पुलाखाली पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी. २०१९ साली पाणी सत्तावन्नच्या वर गेलं. निळी रेषा आणि लाल रेषा काय असते हे आम्हाला शाळेत शिकवावं लागत नाही. बिल्डर मात्र ती विसरतात, आणि ग्राहकही सोयीने विसरतात.

ऑल्टनचा बराचसा भाग टेकड्यांवर आहे. १९९३च्या महापुरात पाणी बाजारपेठेत शिरलं, पाणीपुरवठ्याचं केंद्रच बुडालं आणि टेकडीवरच्यांच्याही नळाला पाणी उरलं नाही. नवं केंद्र नंतर उंचावर बांधलं. त्याच पुरानंतर नदीच्या खालच्या अंगाचं व्हाल्मायर नावाचं आख्खं गाव कड्यावर हलवलं गेलं. तेव्हा गाव नदीकाठचं आहे का, यापेक्षा घर किती फुटांवर आहे हे विचारा. फेमाचा पूरनकाशा फुकट बघता येतो. त्यात ‘शंभर वर्षांचा पूर’ असतो तो शंभर वर्षांतून एकदा येणारा नव्हे; तो दरवर्षी एक टक्का शक्यतेचा. तीस वर्षांच्या कर्जात तो एकदा तरी येण्याची शक्यता सव्वीस टक्के होते. घराच्या साध्या विम्यात पूर धरलेला नसतो. सरकारी पूरविमा घराला अडीच लाखांपर्यंत मिळतो, पण सहसा तीस दिवसांनी लागू होतो, म्हणजे पाणी वाढताना फोन करून उपयोग नाही. आम्ही पूरक्षेत्रातली दोन सुंदर, आणखी स्वस्त घरं सोडली आणि टेकडीवरचं जुनं विटांचं घेतलं.

यूट्यूबवर हल्ली ‘नदीकाठी स्वप्नातलं घर, फक्त इतक्या डॉलरला’ असे व्हिडिओ फिरतात, त्यांच्यावरही माझा राग आहे. आमचं घर एकोणिसाव्या शतकातलं. १९७८च्या आधीच्या घरांत रंगात शिसं असू शकतं आणि विकणाऱ्याला तशी सूचना द्यावी लागते; चार वर्षांची मुलगी असताना खिडक्यांच्या चौकटींची तपासणी टाळता येत नाही. सांडपाण्याची मातीची पाइप झाडाच्या मुळांनी फोडली होती, त्याला सात हजार गेले. इलिनॉयचा मालमत्ता कर देशातल्या सर्वांत चढ्या करांपैकी आहे. कढीपत्त्यासाठी चाळीस मिनिटं गाडी हाकावी लागते, आणि एकटं वाटतं तेव्हा ते कढीपत्त्याने भागत नाही. फोटो बघून घर घेऊन ते पर्यटकांना भाड्याने देणारे लोक इथेही येऊ लागले आहेत. तुम्ही त्यांतले असाल तर कृपा करून येऊ नका.

पण राहायला येणार असाल तर या. याच गावात १८३७ साली एलायजा लव्हजॉय हा संपादक गुलामगिरीविरुद्ध लिहिण्यापायी मारला गेला. त्याची छापयंत्रं जमावाने आधीच तीनदा फोडली होती, चौथं वाचवताना त्याला गोळी लागली. लिंकन आणि डग्लस यांचा शेवटचा वाद १८५८ साली इथेच झाला. माइल्स डेव्हिसचा जन्म इथला. शेजारच्या निवृत्त काळ्या शिक्षिका आता माझ्या मुलीला वाचायला शिकवतात, आणि आमच्या डाव्या हाताला राहणारा गोरा वेल्डर मागच्या हिवाळ्यात न सांगता आमच्या दारातला बर्फ काढून गेला. मंडळातले जे तीन जण ‘एरिया कसा आहे’ हे अजून विचारतात, त्यांना मी जानेवारीत गरुड बघायला बोलावलं आहे. नदीकाठी तेव्हा शेकड्यांनी येतात. येताना कढीपत्ता आणा म्हटलंय.