प्रोग्रामला झोपवायचं कसं? हे मुलांना स्वतः लिहू द्या



विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की आपल्या पनवेल परिसरात एक मॉडेल हमखास दिसतं. ट्रेमध्ये गाढी नदी, काठावर पुठ्ठ्याची घरं, पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर आणि धोक्याचा बझर. पावसाळ्यात गाढीचं पाणी चढताना मुलांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे विषय त्यांच्या मनातला असतो.

अशाच एका मॉडेलपाशी मी उभा होतो. मुलाने पाणी ओतलं, पण बझर गप्प. "सर, 10 सेकंद थांबा, वाजेल," तो म्हणाला. खरंच वाजला. मग बंद करायचं बटण दाबलं, तर तेही लगेच चालेना. मॉडेलला बक्षीस मिळालं. पण त्या 10 सेकंदांत यंत्र करत काय होतं, हे कोणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही. म्हणून हा लेख.

उत्तर सोपं आहे. मुलाने अर्डुइनो उनोवर 'डीले' लिहिला होता. उनोवर डीले म्हणजे प्रोसेसर पुन्हा पुन्हा घड्याळ बघत बसतो: झाले का 10 सेकंद? झाले का? तोवर तोच प्रोग्राम ना पाणी मोजतो, ना बटण बघतो. म्हणजे विश्रांतीही नाही आणि कामही नाही.

माझं म्हणणं असं, की आठवी-नववीपासून मुलांना या थांबण्याच्या पलीकडे न्यायला हवं. रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीममध्ये एका प्रोसेसरवर अनेक कामं आळीपाळीने चालतात. प्रत्येक कामाचा धागा म्हणजे थ्रेड. 'रिअल-टाइम' म्हणजे नुसतं वेगवान नव्हे, तर ठरल्या वेळेत होणारं. इथे एका थ्रेडला थांबायचं असेल तर तो बाजूला होऊन झोपतो आणि प्रोसेसर दुसऱ्याला मिळतो.

मडगावहून पनवेल

समजा, तुम्ही मडगावहून संध्याकाळी 7 च्या गाडीत बसलात आणि पहाटे 4 ला पनवेलला उतरायचंय. गजर नाही. मग प्रत्येक स्टेशनला दचकून उठायचं, पाटी बघायची. हा झाला डीले. दुसरा मार्ग म्हणजे डब्यातल्या अटेंडंटला सांगून निवांत झोपायचं. झोपेचं फंक्शन म्हणजे हा अटेंडंट.

तो काय करतो? तुमची उठायची वेळ लिहून घेतो. जाग्या लोकांच्या यादीतून नाव काढून झोपलेल्यांच्या यादीत घालतो, तेही वेळेच्या क्रमाने. मग प्रत्येक ठोक्याला, म्हणजे टायमरच्या 'टिक'ला, तो फक्त पहिलं नाव बघतो. त्याची वेळ झाली नसेल तर खालच्या कोणाचीच झालेली नसते. वेळ झाली की नाव पुन्हा जाग्यांच्या यादीत. आणि सगळेच झोपले असतील तर प्रोसेसरलाही कमी विजेवर ठेवता येतं. बॅटरी टिकते ती अशी.

कल्पना एवढीच. पण मुलं ती स्वतः लिहायला बसली की खरे प्रश्न समोर येतात.

पहिला: जाग येणं म्हणजे उतरणं नव्हे. दारात आधीच कोणी उभं असेल तर तुम्ही त्याच्या मागे. थ्रेड जागा झाला तरी त्याच्याहून जास्त प्राधान्याचं काम आधी चालतं. म्हणून धोक्याच्या बझरला प्राधान्य किती, हे आपणच आधी ठरवायचं.

दुसरा: "एका टिकने उठव" असं टिक पडायच्या क्षणभर आधी सांगितलं, तर पुढच्याच क्षणी उठवलं जाईल. किमान तेवढी झोप हवीच असेल, तर एक टिक जास्त मोजावी लागते.

तिसरा: यादीत नाव लिहीत असतानाच टिकची घंटा वाजली तर? यादी अर्धवट राहून बिघडेल. म्हणून तेवढ्यापुरत्या घंटा थोपवायच्या, पण क्षणभरच.

चौथा माझ्या आवडीचा. संध्याकाळी 19 वाजता कोणी "4 ला उठव" म्हणालं आणि अटेंडंटने नुसते आकडे पाहिले, तर तो म्हणेल, 4 तर कधीच होऊन गेले, उठा! संगणकातही मध्यरात्र असते. 32 बिटांचा काउंटर दर मिलिसेकंदाला एकाने वाढला, तर साधारण 49.7 दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. विंडोज 95 याच मुदतीनंतर बंद पडू शकत असे. फ्रीआरटीओएस नावाच्या मोफत सिस्टीममध्ये यासाठी झोपलेल्यांच्या दोन याद्या असतात, एक आजची आणि एक उद्याची. शून्य आलं की त्यांची अदलाबदल होते.

"लायब्ररी आहे ना, मग कशाला?"

हा आक्षेप मी ऐकलाय, आणि तो अगदीच चूक नाही. रोजच्या कामाला तयार फंक्शनच वापरावं. पण ईएसपी32 बोर्डावर तोच 'डीले' शब्द लिहिला तर आतून फ्रीआरटीओएसची खरी झोप मिळते. शब्द एकच, वागणूक वेगळी. आणि बटण त्याच थ्रेडमध्ये तपासत असाल तर तिथेही ते अडकतंच, त्याला वेगळा थ्रेड द्यावा लागतो. आतलं ठाऊक नसलेलं मूल हे कसं ओळखणार?

सुरुवातीला संगणकही नको. वर्गात सहा मुलं उभी करा. प्रत्येकाला काम आणि झोपेची चिठ्ठी द्या. एकाला अटेंडंट करा, एकाला घंटा. फळ्यावर दोन याद्या. घड्याळ मुद्दाम फक्त 0 ते 9 चं ठेवा. दहाव्या घंटेला गोंधळ होईलच. तो होऊ द्या, आणि नियम मुलांनाच दुरुस्त करू द्या. मग कोडकडे वळा.

पालकहो, महागड्या किटची पावती फाडण्याआधी क्लासवाल्यांना एवढंच विचारा, "मुलं प्रोग्राम स्वतः लिहितात, की चिकटवतात?" आणि शिक्षकांनो, पुढच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून उभे राहाल तेव्हा बझर वाजेपर्यंत थांबू नका. तो गप्प असतानाच मुलाला विचारा, "आत्ता हे काय करतंय?" त्याला सांगता आलं, तर गुण तिथेच द्या.