नुसती खापरं!

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दादरला सुगडं घेत होते. काका बरोबर होते. सुगडवालीने एक सुगड बोटाने वाजवून दाखवलं आणि मी सहज बोलून गेले, "इनामगावची मडकीही अशीच खणखणीत वाजायची." झालं! दादरपासून लालबागपर्यंत बसमध्ये व्याख्यान. "इतिहास म्हणजे राजे, किल्ले, लढाया, शिलालेख. तुझ्या त्या इनामगावात आहे काय? नुसती खापरं! खेडवळ माणसं, मडकी घडवली, मेली. त्याचं एवढं काय कौतुक?"

भर बसमध्ये काकांशी वाद घालायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून इथे लिहितेय. (काका हे वाचणार. कॉमेंट टाकणार नाहीत, फोन करतील.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे नावाचं गाव आहे. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं. लाल मातीची, चाकावर घडवलेली, पक्की भाजलेली आणि काळ्या रेघांची नक्षी असलेली भांडी निघाली. लांब नळीसारख्या तोटीची भांडी, मधेच कोनात वळलेल्या पोटाचे वाडगे. पुढे तशीच भांडी नेवाशाला सापडली, दायमाबादला सापडली, आणि शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला तर अख्खं गावच सापडलं. १९६८ ते १९८३ अशी तिथली खोदाई चालली; सांकलियांबरोबर म. के. धवलीकर आणि झै. दा. अन्सारी होते. शंभराहून जास्त घरं उजेडात आली. वस्तीचा काळ साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते ७००. म्हणजे सातवाहनांच्याही कितीतरी आधीचे शेतकरी, गहू आणि बार्ली पिकवणारे, पाण्यासाठी पाट खणणारे.

आता काकांचा मुद्दा. शिलालेख नाही, म्हणून इतिहास नाही. पण शिलालेख लिहितो कोण? ज्याच्याकडे दगड आणि तो कोरणारा ठेवायची ऐपत आहे, तो. तो स्वतःबद्दल वाईट कशाला लिहील? मडक्याला मात्र खोटं बोलता येत नाही. इनामगावात इ.स.पू. १४०० ते १००० या काळात मोठी चौकोनी घरं होती. गावाच्या मध्यावर पाच खोल्यांचं एक घर होतं आणि त्याला लागून धान्याचं कोठार. ते गावच्या प्रमुखाचं असावं असं उत्खनकांनी मांडलं. कुंभार, सोनार वगैरे कारागीर राहायचे पश्चिमेच्या कडेला. म्हणजे मध्यावर कोण आणि कडेला कोण, हे तेव्हाच ठरलेलं! इ.स.पू. १००० नंतर चित्र पालटतं. मोठ्या घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, भांडी ओबडधोबड होतात, शेती आटते आणि शिकार वाढते. धवलीकरांनी याचं कारण कमी झालेला पाऊस असं दिलं. शेवटी गाव उठलं. एवढी मोठी पडझड, आणि तिची एक ओळ कोणी लिहून ठेवलेली नाही. ती कळली ती घरांच्या जमिनींवरून, हाडांवरून आणि काकांच्या 'नुसत्या खापरां'वरून.

काका, आता जरा घरचं बोलू. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. इनामगावची खोदाई तेव्हा संपत आली होती. आपल्या खोलीतला तांब्याचा हंडा त्या वर्षी मोडीत गेला, मग पितळेची पातेली गेली, आणि मोरीत मातीचा माठ आला. हे तुम्हीच मला सांगितलंय, दर वेळी डोळे पुसत. कुठल्या बखरीत आहे हे? कुठल्या ताम्रपटात? हंडा गेला, माठ आला, एवढंच. पण ज्याला वाचता येतं त्याला त्यात आपल्या घराची ती दोन-तीन वर्षं वाचता येतात. भांडी बदलली की दिवस बदललेले असतात. मग साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या बाईचं भांडं बदललं तर तेवढं मात्र नुसतं खापर? आपल्या चाळीतल्या लोकांनी तरी असं म्हणू नये. चाळी पडतायत, टॉवर उभे राहतायत. राजांचा इतिहास राहील, त्याची काळजी नको. आपला राहिलाच तर फुटक्या कपबश्यांत राहील.

मेक्सिकोत त्लातिल्को नावाचं एक जुनं खेडं होतं, साधारण इनामगावच्याच काळातलं. आज ते मेक्सिको सिटीच्या पोटात गेलंय. विटांसाठी माती खणणाऱ्या मजुरांना तिथे मातीच्या बाहुल्या आणि भांडी मिळू लागली, आणि १९४० च्या दशकात रीतसर उत्खनन झालं. घरांखाली पुरलेली माणसं निघाली, सोबत भांडी ठेवलेली. त्या लोकांकडे ना पिरॅमिड होते ना लिपी. तरीही मेक्सिकोच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात ॲझ्टेकांबरोबर या कुंभारांनाही मानाची जागा आहे.

आणि काका, उद्या पटलं तर लगेच "आपले थोर पूर्वज!" म्हणून छाती फुगवू नका. त्यांची भाषा कोणती होती हे लिपीअभावी कुणालाच सांगता येत नाही. जोर्वे संस्कृतीच्या वस्त्या कोकणपट्टीत मिळत नाहीत, त्यामुळे आपल्या रत्नागिरीकरांना त्यावर मालकी सांगायचीही सोय नाही! शिवाय ज्यांनी हे गाव उजेडात आणलं ते सांकलिया मुंबईत जन्मलेले गुजराती. मिरवण्यासाठी नकोच ते. माणसं म्हणून ओळख झाली तरी पुष्कळ.

एकच सांगते आणि थांबते. इनामगावात लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत, त्यांत मुलाला ठेवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. गावाबाहेर नाही. जिथे चूल पेटायची, माणसं झोपायची, त्याच जमिनीखाली. ती मडकीही खापरंच.

असो. संक्रांतीला येतेय, तिळगूळ घेऊ आणि भांडण मिटवू. पण 'नुसती' हा शब्द तेवढा मागे घ्या.